लासारोचा जन्मदाखला

चार वाजता जमातीच्या कार्यालयातली मुलगी जबाब घ्यायला येणार होती आणि अकरा वाजून गेले तरी पेत्रोनिलाआत्याचा पत्ता नव्हता. व्हर्ना दर दहा मिनिटांनी मांडवाबाहेर येऊन दक्षिणेकडे बघत होती. सरहद्दीच्या कुंपणापाशी धूळ उडाली की तिला वाटायचं, आली गाडी. ती धूळ कधी वाऱ्याची निघायची, कधी सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांची.

"आत्याला वेळ सांगायचीच नाही," डेल्बर्ट म्हणाला. तिचा हा धाकटा भाऊ निवडुंगाची बोंडं फोडून लाल गर बादलीत टाकत होता आणि दर तिसरं बोंड स्वतःच्या तोंडात. "वेळ सांगितली की ती उशिरा येते. नुसतं म्हणायचं, येऊ नकोस. मग भल्या पहाटे हजर."

व्हर्नाला हसू आलं नाही. मांडवात आरामखुर्चीवर तिचा बाप लासारो डोळे मिटून पडला होता. डाव्या दंडावर डायलिसिसच्या सुयांनी आलेल्या गाठी मनगटापर्यंत उतरल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस तो त्या यंत्राला जोडलेला असायचा, आणि पुढच्या महिन्यापासून ते यंत्र मिळेल की नाही, हे आजच्या जबाबावर ठरणार होतं.

अडचण त्याची त्यानेच करून ठेवली होती. एकावन्न साली कोरियाच्या लढाईसाठी भरती झाली तेव्हा जन्मस्थानाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पोसो सेको, मेक्सिको. तेव्हा ते कुणालाच खुपलं नाही. बंदूक दिली, बूट दिले, बोटीत बसवलं. परत आल्यावर एक पदकही दिलं. पन्नास वर्षांनी शहरातल्या इस्पितळात कुणीतरी तो कागद उघडला आणि विचारलं, हा माणूस अमेरिकेचा आहे हे कशावरून? दाखला नव्हताच. आपल्या ओओधम माणसांत, सरहद्दीच्या दोन्हीकडे राहणाऱ्या जमातीत, त्या काळी दाखला कुणाचा असायचा? मूल रडलं की जन्मलं, एवढीच नोंद. आता एकच वाट उरली होती. जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणीतरी शपथेवर सांगायचं की हा उत्तरेकडे जन्मला. आणि हजर असलेल्यांपैकी जिवंत होती एकटी त्याची थोरली बहीण पेत्रोनिला. वय त्र्याऐंशी, मुक्काम पोसो सेको. कुंपणाच्या पलीकडे.

तिच्याविषयी दोन गोष्टी साऱ्या सिस्टो घराण्याला ठाऊक होत्या. एक, ती कुणालाही चिडवल्याशिवाय सोडत नाही. दोन, ती शपथेवर खोटं बोलत नाही. व्हर्नाला काळजी होती ती दुसऱ्या गोष्टीची.

बाराच्या सुमाराला गाडी आली. आत्याचा मुलगा एउसेबियो चालवत होता आणि आत्या खिडकीशी बसली होती, मांडीवर घेवड्याची पिशवी आणि डोक्याला गुलाबी रुमाल. उतरता उतरताच तिने उशिराचं कारण सांगून टाकलं. फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने विचारलं, कुठल्या देशाच्या? तिने उलट त्याला विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, ओहायो. मग ती म्हणाली, फार लांबून आलास रे, घरचे वाट बघत असतील. आणि त्याला अर्धा घेवडा आणि तो शिजवायची कृती देऊन आली होती. उशीर त्या कृतीने केला होता.

लासारोने एक डोळा उघडला. "आली मेक्सिकोची राणी."

"अमेरिकेला खुर्चीतून उठवत नाही वाटतं," ती म्हणाली आणि त्याच्या गाठाळलेल्या दंडावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने तो हात स्वतःच्या झग्याला पुसला, जणू काही लागलंच होतं.

जेवणं झाल्यावर व्हर्नाने टाइप केलेला कागद काढला. ती सरकारी शाळेच्या कचेरीत वीस वर्षं काम करत होती, कागदावर तिचा विश्वास होता. आत्याजवळ बसून तिने हळू आवाजात वाचून दाखवलं: कुंपणाच्या अलीकडे सेल्स गावात, आजोबांच्या चुलत्याच्या घरी, पहाटेच्या वेळी.

"आणि मी तेव्हा कुठे होते?" आत्याने विचारलं.

"तिथेच होतीस आत्या. चुलीपाशी."

"बरं झालं सांगितलंस. नाहीतर मी आपली उगाच दुसरीकडेच असते." तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. वाचता तिला येत नव्हतंच. "काय गं, ह्यात मी घातलं काय होतं, ते लिहिलं नाहीस?"

व्हर्ना म्हणाली, आत्या, चेष्टा नको, बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे. आत्या म्हणाली, म्हणूनच विचारते, चांगलं काहीतरी घाल माझ्या अंगावर. डेल्बर्टने बादलीत तोंड घालून हसू दाबलं आणि व्हर्ना रागाने उठून बोंडांच्या पाकाची कढई ढवळायला गेली.

एउसेबियो तिच्यामागे तिथे आला. पंचावन्न वर्षांचा हा शांत माणूस दोन तासांच्या प्रवासात आईशी एक अक्षर बोलला नव्हता, पण आता त्याला बोलणं भाग होतं. काल रात्रभर तो शब्द जुळवत होता आणि आता त्यातला एकही त्याला सापडेना. शेवटी त्याने सरळ सांगून टाकलं. पोसो सेकोची जमीन सामाईक होती. सामाईक राहायची तर गावाच्या यादीत कमीत कमी वीस नावं लागतात, तिथे जन्मलेल्यांची नाहीतर तिथे राहणाऱ्यांची. एक नाव जरी कमी झालं, तर शेजारचा बर्नाल, ज्याने आधीच विहिरीपर्यंत तार ओढली होती, अर्ज घेऊन बसलेलाच होता.

"मग?" व्हर्ना म्हणाली.

"यादीत वीसच नावं आहेत. विसावं मामाचं आहे."

व्हर्नाचा हात कढईत थांबला.

"पोसो सेकोला जन्मला म्हणून आहे," एउसेबियो म्हणाला. "आज आई शपथेवर सांगेल की तो इकडे जन्मला. तुमचं कार्यालय आणि आमचं, दोघांचे कागद हल्ली एकमेकांकडे जातात. एका माणसाला दोनदा जन्म घेता येत नाही, व्हर्ना."

व्हर्ना त्याला म्हणाली की जमीन काय, आणखी चार वर्षं भांडता येईल, बाबांकडे तेवढी नाहीत. तो म्हणाला, चाळीस वर्षं भांडतोच आहोत, तुम्ही कुणी आला होतात का? ती म्हणाली, हे तू मला ऐकवू नकोस, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तो म्हणाला, मी पंधराचा होतो. इतकी वर्षं ही दोघं दर जूनमध्ये एकाच कढईवर पाक आटवत आली होती, आणि हे बोलणं पहिल्यांदाच निघत होतं.

तिने मदतीसाठी भावाकडे बघितलं. डेल्बर्टने हात पुसले. "दादाचं खरं आहे," तो म्हणाला. "आत्याने खोटी शपथ घ्यायची आणि गावाने जमीन घालवायची, आणि आपण म्हणायचं, थँक्यू."

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून बाबांना पुरा," व्हर्ना म्हणाली. "खड्डा तरी कुणाच्या बाजूला खणणार, तेवढं ठरवा."

मांडवात लासारो झोपलेला नव्हता. म्हाताऱ्यांच्या झोपेवर तरुण माणसं उगाच भरवसा ठेवतात. यादीत आपलं नाव आहे, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

एकसष्ट सालचा तो दिवस त्याला आठवला. बर्नालच्या माणसांनी विहिरीला तार घातली होती आणि तो तांब्याच्या खाणीतून रजा काढून गेला होता. लढाईवरून आलेला माणूस म्हणून गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने तार बघितली, माणसं बघितली, त्यांच्या बंदुका बघितल्या. बंदुका त्याने आयुष्यात पुरेशा बघितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. पेत्रोनिलाअक्का फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, टोपी राहिली तुझी. तेव्हापासून ती दोघं भेटायची ती जूनमध्ये पाक आटवायच्या इथल्या तळावर, नाहीतर कुणाच्या मयतीला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून एकमेकांना चिडवायची, त्या एका दिवसावरून सोडून.

त्याने सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, जबाब नको. एकाहत्तर वर्षं झाली, पुष्कळ झाली. यंत्राला बसून बसून मलाही कंटाळा आला आहे. नाव राहू दे यादीत, कार्यालयातल्या मुलीला परत पाठवा.

व्हर्ना रडू लागली. एउसेबियोने मान खाली घातली.

"बघा बघा," पेत्रोनिला म्हणाली. "लहानपणीही असंच करायचा. ताटात कमी पडलं की म्हणायचा, मला भूकच नाही. आणि मग सगळ्यांचे डोळे चुकवून भांडं चाटायचा."

"अक्का, मी खरं बोलतोय."

"तू गप्प बस. जन्मला तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. तिथे मी होते, तू नुसता रडत होतास." तिने रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "मी शपथेवर काय सांगायचं ते सगळे मला आल्यापासून सांगताहेत. झालं काय होतं, ते एकानेही विचारलं नाही."

तेवढ्यात कार्यालयाची गाडी आली.

मुलीचं नाव लोरिंडा, वय पंचवीसच्या आतलं. तिने टेबल मागितलं, तिला पाकाचं पिंप उलटं घालून दिलं. तिने शपथेची वाक्यं इंग्रजीत वाचली आणि मग आपल्या भाषेत अडखळत सांगितली. पेत्रोनिलाने तिचे दोन उच्चार सुधारले, तू कुणाची नात म्हणून विचारलं, आजीचं नाव कळल्यावर म्हणाली, तरीच, ती पण अशीच अडखळायची. मग मात्र ती ताठ बसली.

"सांगा आजी. लासारो सिस्टो कुठे जन्मले?"

एउसेबियोने टोपी काढून हातात धरली होती. व्हर्ना आत्याच्या ओठांकडे बघत होती.

"कापसाच्या मळ्यावर," पेत्रोनिला म्हणाली. "रेल्वेच्या रुळांपाशी. समोर पिकाचो डोंगराचा सुळका दिसायचा."

व्हर्नाच्या कागदात मळा नव्हता, रूळ नव्हते. तिने खूण करायचा प्रयत्न केला. आत्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

त्या हिवाळ्यात पोसो सेकोची सात घरं कापूस वेचायला उत्तरेला गेली होती, असं तिने सांगितलं. कुंपण नव्हतंच, वाटेत एक दगडी खांब तेवढा होता, त्यावर त्यांचा कुत्रा मुतला होता, तो म्हणजे देशाचा दगड हे पुढे कळलं. ती तेव्हा बारा वर्षांची. आई शेवटच्या दिवसापर्यंत वेचत होती. जानेवारी, सकाळी बोंडांवर दव. ओळीच्या मध्येच आई खाली बसली आणि पेत्रोनिलाला म्हणाली, पोतं पसर. दुसऱ्या ओळीतली म्हातारी एन्कार्नासियोन धावत आली. त्या पोत्यावर, अर्ध्या भरलेल्या कापसावर, लासारो झाला. मग पेत्रोनिलाने त्याला गुंडाळून मुकादमाकडे नेलं, कारण ओळ सोडायला मुकादमाची परवानगी लागायची. मुकादम ठिगळाची पँट घातलेला तांबड्या मिशांचा माणूस होता. त्याने पोर हातात घेतलं आणि कापसाच्या काट्याला टांगलं. सात पौंड भरला. मग मुकादम म्हणाला, हा माल परत न्या, ओला आहे. आम्ही ओला माल घेत नाही.

"त्याने वहीत लिहिलं सुद्धा," पेत्रोनिला म्हणाली. "आईच्या नावासमोर सात पौंड, आणि मग खोडलं. त्या दिवशी दुपारी आई पुन्हा ओळीत होती. पोर माझ्या पाठीवर होतं. माझी पाठही ओली केली त्याने. एवढंच मला आठवतं. पुष्कळ आहे, नाही का?"

लोरिंडाने ते सगळं लिहून घेतलं. मध्ये एकदा तिला पेन ठेवून डोळे पुसावे लागले, हसून की कशाने हे तिचं तिला ठाऊक. पेत्रोनिलाने अंगठा उठवला. लोरिंडा म्हणाली, मळे, रेल्वे, त्या वेळचे कागद कुठे ना कुठे असतात, पण नसले तरी हे पुरेल. एक प्रत तिने लासारोच्या हातात दिली आणि जाताना पाकाची बाटली घेऊन गेली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर व्हर्नाने आत्याला मिठी मारली. "आत्या, काय गोष्ट रचलीस गं. माझ्या कागदापेक्षा दहापट चांगली. तो काटा तर…"

पेत्रोनिलाने तिला दूर केलं. "रचलीस म्हणजे?"

डेल्बर्टने बादलीतून मान वर केली.

"मी देवाच्या नावाने हात वर केला होता," ती म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी शाळेत आहे खोटं लिहायला?"

लासारो खुर्चीत सरळ झाला. "अक्का, मी पोसो सेकोला जन्मलो ना?"

"तू तिथे आलास तेव्हा तीन आठवड्यांचा होतास. आईने आम्हा सगळ्यांना बजावलं. म्हणाली, दुसऱ्याच्या मळ्यात, दुसऱ्याच्या काट्यावर जन्मलेलं पोर कुठलंच नसतं. त्याला गाव असू दे. मला कुणी शपथ घातली नव्हती, म्हणून मी गप्प होते. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आज शपथ घातलीत, आता भोगा."

सगळ्यांत आधी एउसेबियो भानावर आला. त्याचा आवाज चढत नसे, तो आताही चढला नाही, पण हातातली टोपी त्याने चुरगाळली होती. म्हणजे इतकी वर्षं त्या यादीत जे नाव होतं ते तिथे नसायलाच हवं होतं, तो म्हणाला. मग तो मामाकडे वळला. "तुला ठाऊक आहे, ही काय करते? दर वर्षी गावाची सभा होते. नावं पुकारतात. लासारो सिस्टो. आणि ही उठून सांगते, गुरांमागे गेलाय. चाळीस वर्षं, मामा. सरकारी माणूस आला तरी तेच. एकदा एकाने विचारलं, एवढी गुरं आहेत तरी किती? तर म्हणते, गुरं कमीच आहेत, तो हळू चालतो."

डेल्बर्ट फिसकन हसला आणि लगेच थांबला, कारण बाप हसत नव्हता.

"आता काय सांगशील?" एउसेबियोने आईला विचारलं. "एकोणीसच राहिले."

"मी जातो," डेल्बर्ट म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चाळिशीचा डेल्बर्ट, दोनदा मोडलेली फासळी आणि एकदा मोडलेला संसार घेऊन दर शनिवारी रोडिओच्या, म्हणजे उधळत्या बैलांवर बसायच्या खेळाच्या, मैदानात दुसऱ्यांच्या बैलांना गुण देणारा. तो म्हणाला, तिथे राहणाऱ्याचं नाव चालतं म्हणालास ना? मग मी राहतो. मला इथे कोण विचारतं? व्हर्नाला वाटलं होतं, त्याला वेड्यात काढावं. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की तो बोंडं खायचा थांबलाय, म्हणजे खरंच बोलतोय. ती म्हणाली, मी दर महिन्याला सामान आणून टाकेन, पण स्वयंपाक शिक. पेत्रोनिलाने भाच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एउसेबियोला म्हणाली, हा फार खातो, पण तार खेचायला बरा आहे.

एउसेबियोने चुरगाळलेली टोपी नीट केली आणि डोक्यावर घातली. "सोमवारी सभेच्या तिघा म्हाताऱ्यांना भेटू," तो म्हणाला. "बर्नालला कळायच्या आत."

ऊन कलायला लागलं तशी निघायची तयारी सुरू झाली. व्हर्नाने पाकाच्या बाटल्या खोक्यात भरल्या. एउसेबियोने गाडीचं पाणी बघितलं. पेत्रोनिला खिडकीशी जाऊन बसणार, तोच लासारो खुर्चीतून उठून गाडीपर्यंत आला. एवढं अंतर तो सकाळपासून चालला नव्हता. दाराला धरून तो दम खात राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "नाव काढायचं होतंस ना माझं. मी निघून गेलो त्याच वर्षी. दुसऱ्या कुणाचं तरी घालायचं होतंस."

"काढता येत नाही. ज्याचं नाव, त्याने स्वतः येऊन सही करावी लागते. तसा नियमच आहे." ती समोरच्या काचेवरची धूळ बघत होती. "मला वाटलं होतं, निदान सही करायला तरी येशील."

लासारोने वळून मुलीला विचारलं, यंत्र पुन्हा कधी? व्हर्ना म्हणाली, मंगळवारी सकाळी सात. आज शनिवार होता. तो काय विचारतोय ते तिला समजलं आणि नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. फाटकावर ओहायोचा तो पोरगा होता, रस्ता खराब होता, तिकडे दवाखाना नव्हता. मग तिने खोक्यातली एक बाटली काढून तिथे त्याच्या गोळ्यांची पिशवी ठेवली, जबाबाची प्रत घडी करून त्याच्या खिशात घातली आणि वर बटण लावलं. म्हणाली, परत येताना हा कागद दाखवा, ओला होऊ देऊ नका.

लासारोने पायरीवर पाय ठेवला. पेत्रोनिला जागची हलली नाही. त्याला तिच्या गुडघ्यांवरून, तिच्या घेवड्याच्या रिकाम्या पिशवीवरून, धापा टाकत पलीकडे जावं लागलं.

"मध्ये बस," ती म्हणाली. "खिडकी माझी आहे."